रोजची वाक्ये

“साहेब, हे अक्षर तं तुमचं हाये,” नत्थूजी म्हणाला आणि त्याने ते पुस्तक शाईच्या बाटलीपासून वीतभर दूर, माझ्या टेबलावर ठेवले.

नत्थूजी आमच्या ड्रॉइंग ऑफिसचा शिपाई. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण वीस वर्षे नकाशांच्या गुंडाळ्या वाहिल्यामुळे कोणते अक्षर कोणाच्या हातचे, हे तो चालीवरून माणूस ओळखावा तसे ओळखत असे.

मुख्य कार्यालयाकडून पंचवीस प्रती आल्या होत्या. प्रत्येकीत चोवीस अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या प्रती काढतात तसे कागद, वर पुठ्ठा, डाव्या कडेला तीन पिना. खात्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांना वाटायच्या, असे सोबतच्या पत्रात होते. पुठ्ठ्यावर मराठीत लिहिले होते की हे पुस्तक तांत्रिक कर्मचाऱ्यांना इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ शिकवण्यासाठी आहे, आणि ते तयार केले आहे गिरिधर चंपतराव भोयर, ड्राफ्ट्समन, यांनी.

मी पहिला कागद उघडला. अक्षर माझेच होते. अक्षरांचा पंचाहत्तर अंशांचा कल माझा, ओळींमधले अंतर माझे. पहिले वाक्य होते, ‘शामला राइझेस अ‍ॅट फाइव्ह.’

मी लिहिले होते, ‘सुभद्रा राइझेस अ‍ॅट फाइव्ह.’ सुभद्रा म्हणजे माझी पत्नी.

खिडकीशी जाऊन मी कागद उजेडात तिरपा धरला. आमच्या धंद्यात मूळ नकाशा पारदर्शक ट्रेसिंगवर काळ्या शाईने काढतात आणि त्यावरून हव्या तितक्या प्रती घेतात. ट्रेसिंगवरची चूक रबराने जात नाही. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा जवळजवळ आडवा धरून ती शाई खरवडावी लागते. मग त्या जागी संगजिऱ्याची पूड चोळायची आणि नखाच्या पाठीने घोटायचे, म्हणजे नवी शाई फुटत नाही. हात कितीही चांगला असला तरी प्रतीवर ती जागा किंचित फिकट उमटते. ज्याला पाहायचे असते त्याला ती दिसते.

गिरिधरचा हात चांगला होता. मीच तयार केला होता. मी सगळे कागद पाहिले. एक्केचाळीस जागा फिकट होत्या, आणि प्रत्येक जागी ‘शामला’ होती. शामला गिरिधरच्या बायकोचे नाव. इंग्रजीत ते सुभद्रेच्या नावापेक्षा आखूड असल्यामुळे दर वेळी पुढे दोन अक्षरांची जागा रिकामी राहिली होती.

सत्त्याहत्तर सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. सुभद्रेला मी तीन वर्षांपूर्वी शब्द दिला होता, की तिचे नाव छापून येईल.

*

गिरिधर माझ्या हाताखाली ट्रेसर होता. सावनेरकडचा, शेतकरी घरातला, वयाने बत्तीस. रेघ अशी ओढायचा की श्वास घेतल्याची खूण कुठे दिसू नये. पण खात्याच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात दोनदा नापास झाला होता, आणि तो पेपर सुटल्याशिवाय ट्रेसरचा ड्राफ्ट्समन होत नसे. सुभद्रेचे माहेर त्याच्या शेजारच्या गावचे. त्या नात्याने तो तिला ताई आणि मला भाऊजी म्हणे, आणि दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळीत असे. तिला सख्खा भाऊ नव्हता.

“भाऊजी, हे बारा काळ माह्या डोक्यात गहू-तुरीसारखे एकात एक होऊन जाते,” तो एका रविवारी माझ्या ओसरीवर म्हणाला.

“मंग एकच निवड. एक काळ पक्का कर. पेपरात काय इचारतात? काँक्रीटचा मिक्सर कसा चालतो, झडप कशी उघडते. जे रोज होते त्याले हा एक काळ पुरते.”

“पण त्याच्यातबी भानगड हाये. एकटा असला का क्रियापदाले शेपूट लागते, अन् चौघं असले का शेपूट गायब. काहून?”

आत पोळ्या लाटणाऱ्या सुभद्रेने तिथूनच उत्तर दिले. “एकट्याले शेपूट असलं म्हणजे धरून ठेवता येते रे. चौघं असले का ते एकमेकाइले धरते.”

गिरिधर इतका हसला की त्याच्या हातातला चहा हिंदकळला. पण नियम त्याच्या लक्षात राहिला, तो तिच्या उत्तरामुळे, माझ्या नव्हे.

मी त्याच्यासाठी पत्रके तयार करायचे ठरवले. माझी एक अट होती, ती माझ्यापुरती: प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे. सूर्य पूर्वेला उगवतो, या वाक्याने कोणी काही शिकत नाही, कारण ते तपासायला कोणी उठत नाही. मला असे माणूस हवे होते की ज्याचा दिवस घड्याळावर तपासून घेता येईल. मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली आणि वही घेऊन घरी बसलो.

“तुमी काहून घरी बसून राहिले? बरं नाही काय?” सुभद्रेने विचारले.

“तू दिवसभर काय करतं, ते लिहून राहिलो.”

“बाप्पा! मी काय करतो? काहीच तं नाही.”

त्या ‘काहीच नाही’ची एकशे अठ्ठावीस वाक्ये झाली. दर पत्रकावर आठ, अशी सोळा पत्रके. पुढची आठ यंत्रांची. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा माझ्या घरात काय घडते, हे संसाराला पंचवीस वर्षे झाल्यावर मला त्या दोन दिवसांत कळले. मंगळवारी ती गांधीबागेच्या कापडबाजारातून तुकडे आणून आजूबाजूच्या मुलींची झबली शिवते. दुपारी शेजारच्या रंभाबाईंच्या डोळ्यांत औषध घालते. मांजरीशी बोलते.

“मांजरीचं नोका लिवू,” ती म्हणाली. “लोकं हासतीन.”

“बोलतं का नाही?”

“बोलतो.”

“मग लिहिणं भाग हाये.”

मी रात्रीचे जेवण झाल्यावर तासभर ट्रेसिंगवर अक्षरे काढी, आणि ती शेजारी बसून ताटात दुसऱ्या दिवशीची डाळ निवडी. एकदा तिने विचारले, “हे नागासारखं अक्षर घडीघडी काहून येते?”

“तिथून तुझं नाव सुरू होते.”

ती वाकली. बोट कागदाला न लावता तिने ते नाव हवेत गिरवले. “पयले नाग. बाजूले भांडं. मंग हे बाकीचे.” एस आणि यू तिने पुन्हा एकदा गिरवले. “हे छापून येईन?”

“येईल.”

“खरं सांगून राहिले का आपलं उगीच?”

“खरं.”

माहेरी तिचे नाव गोपिका होते. लग्नात मी ताटातल्या तांदळांवर अंगठीने ‘सुभद्रा’ लिहिले, ताट हलले, तांदूळ सपाट झाले. त्यानंतर रेशनकार्ड सोडले तर ते नाव कुठे लिहिले गेल्याचे मला आठवत नाही.

गिरिधर पुढच्या खेपेला पास झाला. ड्राफ्ट्समन होऊन तो मुख्य कार्यालयात गेला, आणि शहात्तर साली एका रविवारी जेवण झाल्यावर म्हणाला, “द्या भाऊजी ते कागद. मोठ्या साहेबाले दाखवतो. समद्याच ट्रेसरच्या कामी पडतीन.” मी चोवीस ट्रेसिंग पत्र्याच्या नळकांड्यात घालून दिल्या. सुभद्रेने करंज्यांचा डबा दिला.

आमच्या ऑफिसात एक शिस्त होती आणि ती मीच घालून दिली होती. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन खाने असतात: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय काढणाऱ्याने आपले नाव घालायचे नाही. न तपासलेल्या कामावर नाव घालणे मला उद्धटपणाचे वाटे. तेव्हा मी दिलेल्या चोवीसही कागदांवर पहिला खाना कोरा होता.

*

पुस्तक आले त्याच दुपारी मी सायकल काढली आणि मुख्य कार्यालयात गेलो. गिरिधर मला कँटीनमध्ये घेऊन गेला, कोपऱ्यातल्या टेबलावर बसला आणि मी काही बोलण्याआधी त्याने दोन चहा सांगितले.

मी पुस्तक समोर ठेवले.

“आलं का तिकडं?” तो म्हणाला. “भाऊजी, मी येणारच होतो सांगाले.”

“कधी?”

“दिवाळीत.”

“नाव कोणाचं हाये पुठ्ठ्यावर?”

त्याने कप बशीत फिरवला. “साहेबानं इचारलं, कोणं काढलं. कागदावर पाह्यलं तं खाना रिकामा. तवाच माह्या पुढच्या बढतीची फाइल त्याच्याच टेबलावर होती. म्या म्हटलं, म्या काढलं. तोंडातून निघून गेलं. मंग परत कसं घेता?” मग त्याने मान वर केली आणि आवाज थोडा चढवला. “तुमचं नाव म्या खोडलं नाही भाऊजी. आईशपथ. तिथं नव्हतंच.”

हे खरे होते. तपासून पाहिले असते तरी खरेच निघाले असते.

“आणि सुभद्रेचं?”

पोऱ्याने ठेवलेला चहा माझ्यासमोर तसाच होता.

“साहेब म्हणे, ही सुभद्रा कोण? तुह्या बायकोचं नाव तं शामला हाये. आता सुभद्रा कोण ते सांगतलं असतं, तं मंग समदंच निघालं असतं. म्हणून दोन रविवार बसून…”

“एक्केचाळीस जागा.”

“मोजल्या तुमी?”

“शामलाबाई मांजरीशी बोलतात?”

“नाही,” तो हळूच म्हणाला. “तिले मांजराचं भेव लागते.”

त्याच्या चेहऱ्यावर शरम होती. नव्हती असे मी म्हणणार नाही. पण शरमेच्या खाली हिशेबही चालू होता, आणि तो त्याने शेवटी बोलून दाखवला. “मी भाऊबीजेले येतो. नाही आलो तं ताई इचारन. तिले नोका सांगू भाऊजी. तिले कुठं वाचता येते? तुमी सुभद्रा म्हणून वाचसान, तं तिच्यासाठी तेच हाये.”

मी उठलो आणि सायकलीकडे गेलो. त्याला नाही म्हणालो नाही. ही गोष्ट मी येथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

*

पुस्तक मी ऑफिसच्या खणात ठेवणार होतो; पण नत्थूजीने संध्याकाळी आपल्या बायकोला सांगितले होते, आणि त्याची बायको म्हणजे आमच्या शेजारच्या रंभाबाई. मी घरी पोचलो तेव्हा सुभद्रा दारातच उभी होती. तिने पातळ बदललेले होते.

“पुस्तक आलं म्हणे.”

“आलं.”

“रंभाबाई म्हणे, गिरिधरचं नाव हाये वर.”

“त्यानं खटपट केली ना, म्हणून त्याचं हाये. आतलं आपलंच.”

“मंग वाचा.”

तिने देवळात पोथी ऐकायला बसावे तसा पदर डोक्यावर घेतला. मी दिव्याखाली पहिले पत्रक उघडले आणि वाचू लागलो. इंग्रजी वाक्य वाचायचे, मग त्याचा अर्थ सांगायचा. सुभद्रा पाचला उठते. ती अंगण झाडते. ती नळाचे पाणी भरते. ती मांजरीशी बोलते. ती स्टोव्ह पेटवते. सुभद्रा चहा करते. ती दोन कप भरते. ती नवऱ्याला हाक मारते.

‘शामला’ जिथे होती तिथे मी ‘सुभद्रा’ म्हटले. आवाज कापला नाही. सोळाही पत्रके मी अशीच वाचली, आणि वाचता वाचता मला असेही वाटून गेले की हे फसवणे नव्हे, हे मूळ प्रत पुन्हा जागेवर आणणे आहे. मनुष्य स्वतःला किती लवकर मंजुरी देतो!

मांजरीच्या वाक्यालाही ती हसली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, “द्या इकडं.” मी हातपाय धुवायला गेलो. परत आलो तेव्हा ती पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे बोट एका जागी थांबले होते. मी समजलो, कौतुक चालले आहे. तीन वर्षांपूर्वी तिने हवेत काय गिरवले होते, ते मी विसरलो होतो.

“चांगलं केलं,” ती म्हणाली आणि पुस्तक देवाच्या फळीवर ठेवून आली.

*

भाऊबीजेला गिरिधर आला. शामला नव्हती; तिला बरे नाही म्हणाला. त्याने गांधीबागेतून घेतलेले हिरवे लुगडे आणले होते.

सुभद्रेने ओसरीवर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. गिरिधर डोक्यावर रुमाल टाकून बसला. मी खांबाला टेकून उभा होतो. तिने निरांजन लावले, त्याच्या कपाळाला कुंकू लावले आणि अक्षता चिमटीत घेतल्या. मग हात तसाच ठेवून मला म्हणाली, “अजी, फळीवरचं पुस्तक द्या बरं.”

मी आणून दिले. तिने ते डाव्या हाताने त्याच्यापुढे धरले. “गिरिधर, पयला कागद वाच. तुह्या तोंडून ऐकू दे.”

“आता? ताई, आधी ओवाळून तं घे.”

“ओवाळतोच. वाच.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी निरांजनाकडे पाहिले. त्याने घसा साफ केला आणि, मी शिकवले होते तसे, शब्द तोडून वाचले, “सुभद्रा राइझेस अ‍ॅट फाइव्ह.”

“बोट ठेव. सुभद्रा कुठं हाये?”

त्याने बोट ठेवले.

ती वाकली. “हा नाग हाये. नागाच्या बाजूले माह्यं भांडं होतं. इथं तं शिडी हाये.” तिने कागद उजेडाकडे कलता केला, जसा मी करतो. “अन् मागं जागा रिकामी. घासलं नं रे तू?”

“ताई, कोणं सांगतलं तुले?”

“कोणं सांगतीन? घासाले यायनंच शिकवलं तुले, याच ओसरीत. मी भाजी चिरत होतो. नखानं घोट, हळू घोट, म्हणे.” तिचा आवाज चढला नव्हता. “बापाच्या घरचं नाव लग्नात गेलं. तवा मले कोणं इचारलं नाही. तो रिवाज होता. हा कोणता रिवाज हाये, गिरिधर?”

त्याने रुमालाने तोंड पुसले. “चुकलो ताई. भाऊजीले म्या समदं सांगतलं हाये.”

“माहीत हाये. यायनंबी असंच वाचलं, दिवाळीच्या आधी. तुह्यापेक्षा चांगलं वाचलं. सोळाच्या सोळा कागद.” ती माझ्याकडे वळली नाही. “तुमा दोघाइले वाटलं, इले काय समजते.”



सुभद्रेने चिमटीतल्या अक्षता ताटात परत टाकल्या. निरांजन ओवाळले नाही. फुंकरही घातली नाही; ताट तसेच पाटाशेजारी ठेवले आणि ती उठली.

“जेवून जा. अनारसे केले हायेत. सणाच्या दिवशी माह्या घरून उपाशी नोको जाऊ.”

तो जेवला. मान खाली घालून, वाढले तेवढे सगळे. निघताना तिने ते हिरवे लुगडे त्याच्या पिशवीत घातले. “हे शामलाले दे. पुस्तकात तिचंच नाव हाये.”

कपाळावर नुसते कुंकू घेऊन तो फाटकाबाहेर गेला. अक्षता नसलेले कुंकू किती उघडे दिसते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

त्या दिवशी ती माझ्याशी भांडली असती तर मी उत्तर दिले असते. माझ्याकडे मुद्दे होते. तिला दुखवायचे नव्हते, कोऱ्या खान्यामुळे तक्रार टिकली नसती, गिरिधरची बढती गेली असती. ती भांडली नाही. भांडी घासली, दिवे लावले, माझे ताट वाढले.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच मला जाग आली होती. मी डोळे मिटून पडून राहिलो. खाटेची कुरकुर झाली, सुभद्रा उठली. खराट्याचा आवाज अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. नळाखाली बादली लागली, भरली, दुसरी लागली. मांजरीशी ती काही बोलली. काय, ते कळले नाही. स्टोव्हला पंप मारल्याचे सात-आठ आवाज आले. मग उकळी, मग कपबशांची किणकिण. दोन.

आता पत्रकावरचे आठवे वाक्य राहिले होते, हाकेचे.

मी वाट पाहिली. शेजारी रंभाबाईंचा रेडिओ सुरू झाला, दूधवाला हाक देऊन गेला, खिडकीतून ऊन खाटेच्या पायथ्याशी आले. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. सुभद्रा मागच्या दारात पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिचा कप धुऊन पालथा घातलेला होता. माझा ओट्यावर होता, बशीने झाकलेला.

मी बशी काढली. चहावर साय धरली होती.